मानेच्या तक्त्याची चोरी

१

चोराने मान नेली होती. गुडघा आणि कंबर मात्र जागेवर होती.

खाणीच्या दवाखान्यात व्यायामाची एक खोली होती आणि तिच्या भिंतीवर तीन तक्ते होते. पहिल्यावर एक माणूस गुडघा वाकवत होता, दुसऱ्यावर तोच माणूस कंबर ताणत होता आणि तिसऱ्यावर मान फिरवत होता. तिन्हीकडे त्याच्या चेहऱ्यावर एकच समाधान होतं, जे हाडं न दुखणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर असतं. आज सकाळी तिसऱ्या जागी नुसते खिळे होते आणि भिंतीचा एक उजळ चौकोन.

"तक्ता कोण चोरतं हो ताई?" फिजिओ म्हणाला. हा तरुण दंडाने भरलेला, मनाने निर्मळ. जगातलं कुठलंही दुःख रबरी पट्टा ताणून कमी होतं अशी त्याची श्रद्धा होती. "शेकायची पिशवी गेली तेव्हा म्हटलं, उंदीर असेल. दुखायच्या गोळ्या गेल्या, म्हटलं, उंदीर आजारी असेल. पण तक्ता? वाचणारा उंदीर म्हणजे हद्द झाली."

ज्यांना तो हे सांगत होता त्या पिच्छाताई. दवाखान्याच्या पाटीवर त्यांचा हुद्दा 'पाठपुरावा परिचारिका' असा होता. तो उच्चारताना लोकांची दातखीळ बसायची, म्हणून त्यांनी ताईंना सुटसुटीत नाव दिलं. ताईंचं काम सोपं होतं. मोठ्या इस्पितळाने माणूस घरी पाठवला की सगळ्यांना वाटतं, झालं, बरा झाला. तिथून ताई सुरू होत. जिना चढता येतो का, झोप लागते का, शर्ट घालताना कोण मदत करतं. खोटं बोलणाऱ्याच्या घरी त्या पुन्हा जात. खरं बोलणाऱ्याच्याही जात, कारण चहा चांगला असे.

सध्या त्यांचा मुख्य पेशंट होता दुर्बिणवाला. खाणीतली जमीन तिपाईवरच्या दुर्बिणीतून मोजणं हे त्याचं काम. एका सकाळी तो डंपरमध्ये ड्रायव्हरशेजारच्या जोडसीटवर बसून वर येत होता. खाणीतल्या कच्च्या रस्त्यावर धूळ बसावी म्हणून पाणी मारणारा टँकर वळणावरून आला, चिखलात घसरला आणि सरळ डंपरवर आदळला. टँकरवाला सुखरूप, डंपरवाला सुखरूप. दुर्बिणवाल्याच्या बरगड्या मोडल्या, खांदा दुखावला, मानेला जबर हिसका बसला आणि त्या सकाळची आठवण साफ पुसली गेली. बुटाची नाडी बांधली इथपर्यंत त्याला आठवे. पुढचं थेट इस्पितळाचं छत.

"आधी मानेचा पट्टा गेला, बरोबर?" ताईंनी विचारलं.

"हो. दुर्बिणवाल्याचा जुना. त्याचं पट्ट्याचं काम संपलं, मी कपाटात ठेवला, आणि गेला."

"मग शेकायची पिशवी. त्याचं शेकणं संपल्यावर. मग खांद्याची पुली. त्याचा खांदा सुटल्यावर. आणि परवा तुम्ही त्याला काय म्हणालात?"

"म्हणालो, आता तक्ता बघायची गरज नाही, तुम्हाला पाठ झालाय."

ताई उजळ चौकोनाकडे बघत राहिल्या. "डॉक्टर, हा चोर नाही. हा पेशंट आहे. दुर्बिणवाल्याच्या मागून मागून कोणीतरी तेच उपचार स्वतःवर करतंय. मान, खांदा, मान. पट्ट्याने भागलं नाही, शेकून भागलं नाही, गोळ्या वाढत चालल्यात. आता व्यायाम."

"चांगलं आहे की! मेहनती आहे."

"दुर्बिणवाल्याला मान फिरवायला सांगण्याआधी तुम्ही काय केलंत?"

फिजिओचा चेहरा हळूहळू उतरला. "फोटो काढला. मणका शाबूत आहे ना बघितलं."

"याचा कोणी काढलाय?"

खोलीत व्यायामाचा एक मोठा निळा चेंडू होता. फिजिओ त्यावर बसला आणि तोल कसा सांभाळावा हे रोज शिकवणारा माणूस पहिल्यांदाच घरंगळून खाली आला.

"मणक्याला तडा असेल," तो जमिनीवरूनच म्हणाला, "आणि त्याने तक्त्यातला शेवटचा व्यायाम केला, हनुवटी पूर्ण खांद्याकडे… तर हात जातील, ताई. पायसुद्धा. कायमचे."

२

फिजिओने लगेच खाणभर माईकवरून सांगितलं: ज्याने मानेचा तक्ता नेला असेल त्याने कृपया मान हलवू नये, थेट दवाखान्यात यावं, कोणी रागावणार नाही.

कोणी आलं नाही. उलट भलतंच झालं. घोषणा अर्धवट ऐकून सगळ्या खाणीने मान हलवणं बंद केलं. लोडरवाले, वेल्डर, कँटीनवाले, सगळे गळ्यात फळी बांधल्यासारखे चालू लागले. हाक मारली तर अख्खा माणूस वळायचा. ताई खिडकीतून बघत म्हणाल्या, "वा डॉक्टर. एक ताठ मान शोधायची होती, तुम्ही गावभर पेरल्यात."

मग त्या खोलीत परत आल्या आणि पुली जिथे टांगलेली असायची तिथे उभ्या राहिल्या. छताच्या हुकातल्या कप्पीतून दोरीचा वरचा तुकडा अजून लोंबत होता.

"हे काय?"

"चोराने दोरी कापली. रानटी माणूस."

"कुठे कापली ते बघा की. छातीच्या उंचीवर. हुकावरून नुसती काढता आली असती. शेजारी स्टूल आहे. आणि वरची कप्पी नेलीच नाही. कप्पीशिवाय दोरी नेऊन तो काय कपडे वाळत घालणार होता?"

"मग कप्पी का सोडली?"

"हात वर जात नव्हता म्हणून कप्पी राहिली, आणि मान वर जात नव्हती म्हणून राहिलेली कळलीसुद्धा नाही."

फिजिओने स्वतःचा हात वर करून बघितला, मान वर करून बघितली, आणि अशा गोष्टी आपल्याला सुचत नाहीत याबद्दल क्षणभर खिन्न झाला.

"आता सांगा, या खोलीत एकटं कोण असतं? आणि दुर्बिणवाला कुठवर आलाय हे कोणाला ठाऊक असतं?"

"तिघं. भोंगा, म्हणजे तो डंपरवाला. दुर्बिणवाल्याला रोज घेऊन येतो आणि इथेच बसून राहतो. अपराधी वाटतं बिचाऱ्याला. दुसरा दुर्बिणवाल्याचा मेहुणा. डबा घेऊन येतो, आणि सारखं खांद्याला बाम चोळतो, लक्षात घ्या! तिसरे सुरक्षासाहेब. दर आठवड्याला आग विझवायचं नळकांडं तपासायला येतात. पण त्यांना सोडा. त्यांनीच मला चोरीबद्दल झापलं. 'शिस्त नाही' म्हणाले."

"ते झापतातच. हल्ली जरा जास्त?"

"त्या अपघातातल्या मदतीचं मानपत्र मिळाल्यापासून फारच. नमस्कार केला तर हातसुद्धा वर करत नाहीत. सही करत नाहीत, शिक्का मारतात. मोठी माणसं."

"औषधाच्या दुकानातून पट्टा विकत का नाही घेतला कोणी?" ताई स्वतःशीच म्हणाल्या, आणि उत्तरही त्यांनीच दिलं. वस्तीत दुकान एकच. तिथून खोकल्याची बाटली घेतली तर संध्याकाळपर्यंत तुमच्या वारसांची चर्चा सुरू होते. म्हणजे ज्याला दुखणं कोणालाही कळू द्यायचं नाही असा माणूस. "डॉक्टर, दुखणारा लपतो तो दुखण्यामुळे नाही. दुखणं कुठे मिळालं त्यामुळे. चला, बामवाल्याकडे."

३

दुर्बिणवाल्याचं घर म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या आणि त्या दोन्हींना पुरून उरणारी बायको.

"या ताई, या. हे बघा तुमचे पेशंट. काल मला म्हणतात, भांडी घासतो. म्हटलं, आधी बरगड्या जुळू द्या, मग संसार जुळवा."

"मी म्हणालो होतो, पुसतो," दुर्बिणवाला कॉटवरून क्षीण आवाजात म्हणाला.

"पुसायचं तर आठवणीवरची धूळ पुसा. रोज विचारते, त्या दिवशी डबा कुठे ठेवलात. आठवत नाही म्हणे. स्टीलचा डबा होता हो तो, माझ्या माहेरचा."

"डब्यापलीकडे कोणी काही विचारतं का?" ताईंनी विचारलं.

"साहेब विचारतात ना. सुरक्षासाहेब. किती माणुसकी! दर आठवड्याला येतात, दारातच उभे राहतात, ताठ, पंगतीला बोलावलेल्या पाहुण्यासारखे. 'काही आठवतंय का?' म्हणतात. नाही म्हटलं की 'ताण देऊ नका' म्हणतात. पट्टा सुटला का, व्यायाम कुठवर आला, सगळं विचारतात. सख्खा दीर विचारणार नाही एवढं."

मधल्या दारातून मेहुणा आला. डोक्यावर मोठी पत्र्याची पेटी. त्याने ती दोन्ही हातांनी उचलून माळ्यावर सरकवली, मान मागे टाकून ती नीट बसली का ते बघितलं आणि मग दोन्ही खांद्यांना बाम चोळत खाली बसला.

फिजिओने ताईंकडे बघितलं. ताईंनी मेहुण्याचं नाव मनातल्या मनात पुसलं.

"खांदे दुखतात का हो भाऊ?"

"अक्काने सकाळपासून ही पेटी तीनदा जागा बदलायला लावली," मेहुणा म्हणाला. "बाम नाही लावणार तर काय अत्तर लावू?"

"बोल, बोल, पाहुण्यांसमोर बोल," अक्का म्हणाली.

मेहुणा खाणीच्या फाटकावर पहारेकरी होता. अपघाताच्या सकाळी फाटकावर तोच होता. ताईंनी सहज विचारलं, काय दिसलं?

"दिसणार काय, नुसती धूळ. धडाम झालं तसं काळजात धस्स झालं. दाजी खाली होते ना. तेवढ्यात पॉं ऐकू आला. आणि जरा वेळाने दुसरा पॉं. तेव्हा जीव भांड्यात पडला."

"भोंगा मदतीला हाका मारत होता?" फिजिओने विचारलं.

मेहुण्याने त्याच्याकडे नवख्या पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं. "मदतीचा भोंगा लांबलचक असतो, थांबतच नाही. हा छोटा. डॉक्टर, डंपरचं चाक माणसापेक्षा उंच. खाली कोणी उभं असलं तर ड्रायव्हरला दिसत नाही. म्हणून आमच्याकडे रीत आहे. जो उतरेल त्याने डंपरच्या पुढे जाऊन हात वर करायचा, हात नसेल करता येत तर हाळी द्यायची. ड्रायव्हर एक पॉं देतो. म्हणजे, कळलं, सुटलास. माणसागणिक एक पॉं. हातवाऱ्याशिवाय कोणी चाक हलवत नाही. हे इतकं अंगात भिनलंय की भोंगा घरी बायको खुर्चीवरून उठली तरी तोंडाने पॉं करतो."

"आणि त्या दिवशी दोन?"

"दोन. दाजी एक, भोंगा एक. दोघं सुटले. म्हणून तर जीव भांड्यात पडला."

ताईंनी कप बशीत ठेवला. "भाऊ, पॉं वाजवतो कोण?"

"ड्रायव्हर."

"केबिनमध्ये बसून?"

"मग काय खाली उभा राहून?"

"मग भोंगा स्वतः खाली उतरला, तर त्याच्या नावाचा पॉं वाजवला कोणी?"

मेहुण्याचा बाम चोळणारा हात थांबला.

"त्या डंपरमध्ये," ताई म्हणाल्या, "ड्रायव्हर सोडून दोन माणसं होती."

४

भोंगा डंपरच्या शेडमध्ये समोरची काच पुसायला निघाला होता. शिडीकडे तोंड करून, दोन्ही हात डोक्याच्या वर धरून चढत होता, आणि ताईंची हाक ऐकून त्याची मान गर्रकन फिरली. ताईंनी दुसरंही नाव पुसलं. पण त्या निघाल्या नाहीत.

"भोंगा, खाली ये."

तो उतरला, डंपरच्या पुढे आला, सवयीने हात वर केला. केबिनमध्ये पॉं द्यायला कोणी नव्हतं, तेव्हा तो जरा ओशाळून उभा राहिला.

"दुसरा पॉं कोणासाठी होता रे?"

भोंग्याने फडका पिळला. त्यात पाणी नव्हतं, तरी पिळला. "कुठला पॉं, ताई?"

"जो तू दिलास. धूळ होती, टँकर अंगावर होता, शेजारी माणूस रक्ताळला होता, आणि तुझ्या हाताने रीत सोडली नाही. चांगला ड्रायव्हर आहेस म्हणूनच फसलास."

"मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

"ते सांगितलं तर शब्द कसला?"

"बरं, नाव नको सांगू. जोडसीट एकच. दुसरा बसला कुठे?"

"मागे. हत्यारांच्या पेटीवर."

"पट्टा?"

"पेटीला पट्टा नसतो, ताई. म्हणून तर पेटीवर बसायला बंदी आहे. बोर्ड लावलाय ना, 'एक सीट, एक पट्टा, एक माणूस'." हे म्हणताना भोंग्याचा चेहरा असा झाला की जणू बोर्डाने त्याच्या थोबाडीत मारली.

"म्हणजे धडक बसली तेव्हा तो पुढे फेकला गेला."

"काचेला डोकं लागलं. मला वाटलं गेला. पण उठला! आपल्या पायांनी उतरला, पुढे जाऊन ओरडला, 'मी ठीक आहे.' मी पॉं दिला. मग दाजींना, म्हणजे दुर्बिणवाल्यांना, आधार देऊन तोच खाली घेऊन गेला. पुन्हा ओरडला. मी दुसरा दिला. त्या माणसाने त्यांना मांडीवर घेतलं हो, ताई, रुग्णवाहिका येईपर्यंत हलू दिलं नाही. वाईट माणूस नाही तो."

"मी कुठे म्हटलं? मग लोक आले तेव्हा तो कुठे गेला?"

"कुठेच नाही. तिथेच हो—" आणि भोंग्याने फडका तोंडात कोंबायचा तेवढा बाकी ठेवला.

फिजिओ गोंधळला. "तिथेच होता, तर कोणाला दिसला कसा नाही?"

"दिसला," ताई म्हणाल्या. "सगळ्यांना दिसला. डॉक्टर, अपघाताच्या जागी सगळ्यात आधी कोण पोचलं?"

"सुरक्षासाहेब. सायरन वाजायच्या आधी. त्याचंच तर मानपत्र…"

"त्यांचं ऑफिस कुठे आहे?"

फिजिओने वर बघितलं. ऑफिस खाणीच्या पार वरच्या कडेला होतं. तिथून खालच्या वळणापर्यंत यायला जीपला चांगला वेळ लागे, आणि जीपचं चाक त्या दिवशी पंक्चर होतं हे साहेबांनीच नंतर सत्काराच्या भाषणात सांगितलं होतं, आपण पायी धावलो याला टाळ्या पडाव्यात म्हणून. टाळ्या पडल्या होत्या. फिजिओने स्वतः वाजवल्या होत्या.

"ताठ मान," फिजिओ पुटपुटला. "हात वर न करणं. सहीऐवजी शिक्का. मला वाटलं, मानपत्र डोक्यात गेलंय."

"मानपत्र डोक्यात नाही गेलं. दुखणं बोटांत उतरलंय. पेन धरवत नाही. साहेब आत्ता कुठे असतील?"

उत्तर भोंग्याने दिलं, आणि देता देता तो पांढरा पडला. "हॉलमध्ये. आज त्यांचं भाषण आहे. डंपर मागे घेण्याआधी मान कशी वळवायची, त्याचं प्रात्यक्षिक."

ताई वयाला न शोभेल अशा वेगाने निघाल्या.

५

हॉल भरला होता. सुरक्षा या विषयावर हॉल नेहमीच भरतो, कारण तेवढा वेळ काम बंद असतं आणि पंखे चालू असतात.

सुरक्षासाहेब मंचावर उभे होते. उंच, इस्त्रीचे, पिवळं जाकीट गळ्यापर्यंत बंद. "मागे जाण्याआधी," ते सांगत होते, "आधी पूर्ण डावीकडे बघायचं. नंतर पूर्ण उजवीकडे. डोळ्यांनी नाही. मानेने."

"साहेब, करून दाखवा की!" मागून एक वेल्डर ओरडला. "तुम्ही हल्ली आमच्याकडे बघतच नाही!"

हशा पिकला. साहेबांच्या कपाळावर घाम दिसला. नियम सांगणाऱ्याची मोठी अडचण ही की कधीतरी तो पाळून दाखवावा लागतो. त्यांनी ओठ घट्ट मिटले. हनुवटी डावीकडे निघाली.

तेवढ्यात मंचावर खुर्ची आपटली, तिच्यावर पिच्छाताई चढल्या आणि त्यांनी मागून साहेबांचं डोकं दोन्ही तळव्यांत पकडलं. कलिंगड पारखताना पकडतात तसं, पण घट्ट.

"हलायचं नाही, साहेब."

साहेब समोरच बघत म्हणाले, कारण दुसरीकडे बघणं शक्यच नव्हतं, "हा काय प्रकार आहे?"

"धरपकड. डॉक्टर, कडक पट्टा आणा आणि फळी आणा. पळा."

फिजिओ पळाला.

"ताई, मी नोकरीवर आहे. लोक बघतायत."

"बघू देत. तुम्हीच सांगता, सुरक्षा सर्वांसमोर हवी. तुम्ही त्या डंपरमध्ये होतात, साहेब."

"मी घटनास्थळी धावत—"

"घटनास्थळी बसून गेलात. एवढ्या वरून सायरनआधी कोणी धावत येत नाही. भोंग्याने पॉं दोन दिले, एक दुर्बिणवाल्याचा. दुसरा असा माणूस होता ज्याला आता हात वर करता येत नाही, म्हणून पुलीची दोरी छातीशी कापावी लागते. ज्याला दुर्बिणवाल्याच्या तब्येतीची बातमी आठवड्याला लागते. आणि जो नळकांडं तपासायला खोलीत एकटा येतो. भोंगा शिडी चढतो. मेहुणा पेट्या फेकतो. उरलं कोण?"

"हा सगळा तर्क आहे," साहेब म्हणाले. आवाज अजून इस्त्रीचा होता. "पुरावा नाही."

"नसू दे. मुंग्या कुठल्या बोटांना येतात?"

"करंगळी आणि तिच्या शेजा—"

साहेब थांबले.

"दोन्ही हात?" ताईंनी अगदी हळू विचारलं. ते पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नसेल.

"आधी डावा. कालपासून उजवाही." आता इस्त्री मोडली होती. "तक्ता नेला. वाटलं, व्यायामाने सुटेल. शेवटचा राहिला होता. तो आज रात्री करणार होतो."

ताईंचे तळवे जरा आणखी घट्ट झाले.

"जीप पंक्चर होती," साहेब बोलू लागले, कोणी विचारलं नसताना. "ऊन होतं. म्हटलं, वरपर्यंतच तर जायचंय. त्या पेटीवरून मी किती जणांना खाली उतरवलंय, ताई. एकाची तर नोकरी घालवली. त्याचा चेहरा दिसायला लागला. सांगणार कसं? बोर्ड मी लिहिलाय."

"बोर्ड बरोबर आहे. तो खरा आहे हे तुम्ही स्वतःच्या मणक्यावर सिद्ध केलंत, एवढंच. पटलं का? मान डोलवू नका! तोंडाने सांगा."

"पटलं," सुरक्षासाहेब म्हणाले.

मागून मघाचा वेल्डर उठला, टोपी काढली आणि फिजिओची फळी पुढे पोचवायला गर्दीतून वाट करू लागला. पट्टा बसेपर्यंत आणि साहेब फळीवर आडवे होईपर्यंत ताईंनी डोकं सोडलं नाही. मग त्या खुर्चीवरून उतरल्या आणि फळीमागोमाग निघाल्या.

६

मोठ्या इस्पितळात फोटो निघाला. सर्जन बाई कमी बोलणाऱ्या होत्या. "मणक्याला तडा आहे, तुकडा सरकलाय. पूर्ण मान वळवली असती तर आज मी यांना वेगळ्या वॉर्डात भेटले असते. आत्ता ऑपरेशन करू. हात परत येतील की नाही, ते नंतर कळेल."

ते 'नंतर' येईपर्यंत बाहेरच्या बाकावर साहेबांची आई आणि पिच्छाताई बसल्या होत्या. म्हातारी बारीक, तुरतुरीत आणि संतापलेली होती.

"लहानपणी झाडावरून पडला," ती म्हणाली, "आणि मोडक्या हाताने शाळेत जाऊन परीक्षा देऊन आला. का, तर आदल्या दिवशी मीच झाडावर चढू नको म्हटलं होतं. संध्याकाळी भाकरी मोडता येईना तेव्हा कळलं. तुम्हाला सांगते, हा खोटं नाही बोलत. नुसता चुकत नाही!"

भोंगा भिंतीला टेकून उभा होता. ऑपरेशनला नेताना साहेबांनी त्याला जवळ बोलावलं होतं. डोळे छताकडेच, पण आवाज पुन्हा हुद्द्यावर आला होता. "मी चढलो. तू चढवलं नाहीस. मी अधिकारी, तू ड्रायव्हर. मी सांगितलं आणि तू थांबलास. चौकशीत हेच सांगायचं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही." भोंगा तेव्हापासून रडत होता आणि आपल्याला धूळ गेलीय असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. इस्पितळाची फरशी तर इतकी स्वच्छ होती की तिच्यात त्याचं नाक दिसत होतं.

साहेब शुद्धीवर आले तेव्हा सर्जन बाईंनी ताईंना आत बोलावलं. "मी पुढच्या ऑपरेशनसाठी हात निर्जंतुक करून तयार आहे. तुम्ही तपासा. हे तुमच्यावरच जास्त विश्वास ठेवतात असं दिसतं."

साहेब पडल्या पडल्या वर बघत होते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पट्टा, गळ्याला पट्टा. ताई त्यांच्या नजरेच्या रेषेत वाकल्या, म्हणजे त्यांना त्या दिसाव्यात.

"साहेब, माझं बोट धरा. डाव्या हाताने."

काही झालं नाही. दारात म्हातारीने आपला पदर तोंडाशी घेतला. ताईंनी बोट तसंच ठेवलं. पाठपुराव्याच्या कामात थांबणं हे अर्धं काम असतं, आणि त्यात त्या तयार होत्या.

मग तर्जनी हलली. मधलं बोट हललं. अंगठा त्यांच्या बोटाला येऊन टेकला. शेवटी करंगळी, उशिरा, नाइलाजाने, पण आली, आणि सगळी मूठ मिटली.

"जोर लावा."

साहेबांनी लावला. ताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते आनंदाचं होतं की बोटाचं, हे त्यांनी कोणालाही कळू दिलं नाही.

"झालं, साहेब. सोडा आता."

साहेबांनी बोट सोडलं नाही. ताईंनीही घाई केली नाही. पायाने स्टूल जवळ ओढलं आणि त्या शेजारी बसून राहिल्या.